माझ्या वाट्याचे दोन रोट

सतरा-अठरा दिवस मी घराच्या पत्र्याकडे बघत पडून होते, आणि त्या सगळ्या दिवसांत मला देवाची एकदाही मनापासून आठवण आली नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. लोक म्हणतात, दुखण्यात माणूस देवाचा धावा करतो. मी नाही केला. मला इतका थकवा होता की धावा करायलाही अंगात काही उरलं नव्हतं. दारातून दिसणाऱ्या देवळीतल्या देवीच्या तसबिरीकडे नजर जायची तेव्हा मनात यायचं, हिच्यावरची धूळ पुसायला हवी. त्यापुढे काही नाही. लग्न झाल्यापासून दरवर्षी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं मनोभावे करणारी बाई मी, पण त्या श्रावणात माझा आणि देवीचा बोलाचालीचा संबंधही राहिला नव्हता. जे घडलं ते अशा बाईच्या घरात घडलं, म्हणून हे आधी सांगते.

आम्ही तेव्हा पारोळ्याला किल्ल्याच्या मागच्या गल्लीत राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा. मुलांचे वडील सुरतेला साड्यांच्या डाइंग मिलमध्ये होते, दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचे. घरात मी आणि तीन मुलं. सुमन अकरा वर्षांची, दिलीप सात-आठचा आणि बेबी चार वर्षांची. आषाढ सरता सरता मला ताप भरला. आधी अंगावर काढला, कपडे धुतले, दळण आणलं आणि एक दिवस हापशावरून येताना ओट्यावरच बसले ती उठले नाही. डॉक्टर घरी आले, डोळे-जीभ पाहिली, रक्त तपासायला पाठवलं आणि सांगितलं, टायफाईड आहे, मुदतीचा ताप, तीन आठवडे अंथरूण सोडायचं नाही आणि पोटात पातळाशिवाय काही जाता कामा नये. साबुदाण्याची पेज, भाताचं पाणी, मोसंबीचा रस. ताप उतरला तरी मी सांगेपर्यंत पोळी-भाकरीचा तुकडाही नको, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान हलवली. मला तेव्हा अन्नाचा वासही नको होता, त्यामुळे कबूल करायला काहीच जड गेलं नाही.

धुळ्याहून माझे थोरले दीर आले. त्यांना आम्ही नाना म्हणतो. मोठा मायाळू माणूस, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी दारातूनच सांगून टाकलं, "मी पोरेसले धुयाले लई जास. तू बरी व्हयनी म्हनजे धाडी दिसू." ते बोलले ते माझ्याच भल्यासाठी. पण मला वाटलं, मुलं गेली तर मी या अंथरुणातून उठायचीच नाही. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हटलं, "ऱ्हाऊ द्या नाना. मन्हा पोरे मन्हाजोडे ऱ्हातीन." नाना एकटेच परत निघाले. सुमन दाराआडून ऐकत होती. नाना गेल्यावर ती आत आली, फडक्याने उगाचच माझ्या उशाजवळची जमीन पुसली आणि म्हणाली की मी सगळं करीन, तू फक्त पडून राहा. सुरतेला कळवायचं नाही, असं मीच बजावलं. मुलांचे वडील मागे एकदा माझ्याच दुखण्यासाठी मिलमध्ये न सांगता निघून आले होते आणि नोकरी जाता जाता वाचली होती.

तिथून माझ्या मुलांचा दिवस सुरू झाला. मी तो पाहिला कमी आणि ऐकला जास्त. मधल्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, आणि मला आवाजावरून सगळं कळायचं. स्टोव्हला पंप जास्त मारला की तो घोंघावायचा. पिन कुठे ठेवली यावरून दोघांची भांडणं व्हायची, पण भांडणही कुजबुजत, कारण मायची झोप मोडायला नको. कुजबुजत भांडणारी मुलं मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. दूध उतू गेल्याचा चुर्र आवाज, मग बराच वेळ शांतता, मग चिंधीने स्टोव्ह पुसल्याचा आवाज. भाकरी सुमनला थापता यायची नाही, कडा फाटायच्या. मग तिने पिठात पाणी वाढवून धिरडी घालायला सुरुवात केली. पहिली चार तव्याला चिकटली. दिलीपने ती तव्यावरून खरवडून खाल्ली आणि वर म्हणाला की अशीच चांगली लागतात. एरवी भाजीत मोहरी जास्त झाली तरी तोंड वाकडं करणारं पोर ते.

माझा स्वभाव मुळातच किरकिरा. माझ्या हातचं भांडं जिथल्या तिथे लागतं. पडल्या पडल्या मी नुसत्या सूचना करत असे. हे इथे का ठेवलं, ते झाकलं का नाही, बेबीची वेणी अशी वाकडी का. सुमन सकाळी बेबीचे केस इतके ओढून बांधायची की त्या पोरीचे डोळे ताणले जायचे. मग तिला सोबत घेऊन शाळेत जायची. बाईंनी परवानगी दिली होती. बेबी पाचवीच्या वर्गात मागे पाटी घेऊन बसायची आणि बहुतेक वेळ झोपायची. मधल्या सुट्टीत सुमन धावत घरी यायची, मला पेज आणि कॅप्सूल द्यायची आणि धावतच परत जायची. घरात घड्याळ नव्हतं. तिने जमिनीवर खडूने एक रेघ मारली होती, उंबऱ्यातून येणारं ऊन त्या रेघेपर्यंत आलं की दुपारची कॅप्सूल, सुट्टीच्या दिवशीही. पण श्रावणातलं ऊन ते, कधी असतं कधी नसतं. ढग आले की रविवारी दिलीप कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे वेळ विचारायला पळायचा. त्या शिंप्याला एका रविवारी त्याने अकरा वेळा वेळ विचारली, असं नंतर शिंप्याकडूनच कळलं.

शेजारच्या गोदाअक्का अधूनमधून डोकावायच्या, पण त्यांची सून बाळंत झालेली, घरात ओली बाळंतीण, आणि मला ताप. त्या दारातूनच विचारपूस करायच्या. दोनदा वरण आणून ओट्यावर ठेवलं. मी कुणाला दोष देत नाही. ज्याचं त्याला पुरे होतं.

कानबाईचा रविवार आला तेव्हा मला ताप येऊन दोन आठवडे झाले होते. आमच्या घराण्यात कानबाई थोरल्याकडे, म्हणजे नानांकडे धुळ्याला बसते. रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन आणि मग रोट. घरातल्या पुरुषमाणसामागे गव्हाच्या मुठी मोजतात, ते गहू दळून त्याचे गुळाचे रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, होतात. आमच्याकडे माणशी पाच मुठी आणि वर देवीची एक. हे रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, घराबाहेर न्यायचे नाहीत, आणि श्रावणाच्या पुनवेला चांद उगवायच्या आत संपवायचेच. कणही उरवायचा नाही. त्या वर्षी मुठी मोजल्या तेव्हा सुरतेतल्या माझ्या नवऱ्याच्या आणि दिलीपच्याही मोजल्या गेल्या. मंगळवारी सकाळी नाना स्वतः आमच्या वाट्याचे आठ रोट पितळी डब्यात घेऊन आले. भावाचं घर ते आपलंच घर, म्हणून आणले. डबा देवळीत ठेवून त्यांनी सुमनला सांगितलं, पुनवेच्या आत संपवा, मायले कणभर प्रसाद द्या.

सुमनने त्याच दुपारी रोट वाटून ठेवले. माणशी दोन. बेबीचे दोन, दिलीपचे दोन, तिचे दोन आणि माझे दोन. मला प्रसादाचा कण द्यायची वेळ आली तेव्हा मात्र ती अडली. "डॉक्टरनी नको सांगेल शे," म्हणाली. मी म्हटलं, अगं कण आहे, देवीचा आहे. तिने डबा बंद केला. मला त्या दिवशी खायची इच्छाच नव्हती, म्हणून मीही सोडून दिलं.

बुधवारी ताप उतरला. सकाळी घाम फुटला, अंग गार पडलं आणि दुपारी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला भूक लागली. ज्याला मुदतीचा ताप येऊन गेलाय त्यालाच ती भूक माहीत. पोटात कुणी मुठी आवळतं आहे असं वाटतं. साबुदाण्याची पेज पाहून मला रडू आलं. आणि पलीकडच्या खोलीतून तुपा-गुळाचा वास येत होता. तो वास रात्रभर माझ्याजवळ होता. मी मनाशी हिशेब मांडायला लागले. म्हटलं, डॉक्टरला काय कळतं देवीचं? प्रसादाने कुणाला बाधतं का? उलट माझ्या वाट्याचे रोट मी खाल्ले नाहीत आणि पुनव उलटली, तर देवीचा कोप व्हायचा. मी घरची सून. सतरा दिवसांत जिची मला आठवण झाली नव्हती ती देवी मला अशी अचानक आठवली. आज सांगताना लाज वाटते, पण ती भक्ती नव्हती. ती भूक होती आणि मी तिला देवीचं नाव दिलं होतं.

गुरुवारी मुलं शाळेत गेली. मी वाट पाहिली. शाळेची घंटा ऐकू आली, प्रार्थना संपल्यासारखं वाटलं आणि मी उठले. उठले म्हणजे सरपटले. माझ्या अंथरुणापासून स्वयंपाकघरातल्या देवळीपर्यंत चार-पाच पावलं असतील. भिंत धरून, मध्ये दोनदा बसून, मी तिथे पोचले. वर हात केला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. डबा काढला, मांडीवर घेतला. झाकण घट्ट होतं, बोटांत ताकद नव्हती, ते दातांनी उघडलं. डबा रिकामा होता.

तळाशी दोन-चार कण होते. ते मी बोटाला थुंकी लावून टिपले आणि खाल्ले. मग तो डबा तसाच मांडीवर घेऊन मी रडले. देवीला नको ते बोलले. माझ्या सासरच्या देवीच्या घरात मलाच वाटा नाही, माझ्या पोरांनी खाल्ला, तू बघत बसलीस, असं बरंच काही. मोठ्याने बोलले की मनात, आठवत नाही. त्यानंतर उठायला गेले आणि तिथेच कोसळले.

मधल्या सुट्टीत सुमन आली तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होते. डोळे उघडले तर तिचा चेहरा पांढराफटक. तिने पाणी मारलं, काखेत हात घालून मला ओढत अंथरुणापर्यंत आणलं. अकरा वर्षांच्या मुलीने कसं आणलं कोण जाणे. मी तिला पहिला प्रश्न विचारला तो रोटांचा. कुठेत? तिने माझ्या अंगावर गोधडी ओढली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिने दप्तर उघडलं आणि स्वच्छ फडक्यात बांधलेले दोन रोट बाहेर काढले. माझ्या वाट्याचे दोन, जसेच्या तसे. बाकीचे त्यांनी खाल्ले होते, हे दोन मात्र तिने त्या सकाळी दप्तरात घालून शाळेत नेले होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उंबऱ्याबाहेर न न्यायचा रोट हिने शाळेत नेला, पेन्सिली-वह्यांत कोंबून, पाचवीच्या वर्गात, साऱ्या गावाच्या पोरांत. मी तिला मारलं. हातात जोर नव्हता, त्यामुळे लागलं नसेल, पण ती गाल धरून इतकी गप्प उभी राहिली की मारणाऱ्यालाच लागावं. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तेव्हा तिने सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत सांगते. "काल हापशावर एक आजी व्हती. तिनी इचारं, तुनी माय कशी शे? मी सांगं, ताप उतरना. ते ती बोलनी, आते तिले भूक लागी. रोट तिना हाताले लागू देऊ नको, तुनाजोडेच ठेव." मी म्हटलं, मग गोदाअक्काकडे ठेवायचे होते. त्यावर ती म्हणाली, तिकडे ठेवले तर रोट दुसऱ्याच्या घरात गेले असते. दप्तर तर आपलंच आहे. तिच्या परीने तिने देवीचा नियम पाळला होता. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पेज भरवायला आली तेव्हा मी म्हटलं, जा शाळेत. ती कॅप्सूल आणि पाणी उशाशी ठेवून गेली.

शुक्रवारी डॉक्टर आले. सुमनने त्यांना सगळं सांगून टाकलं, मी पडले ते, डबा काढला ते, दप्तराचंसुद्धा. मला वाटलं आता ते हसतील. ते हसले नाहीत. माझ्या पोटावर हळूच हात फिरवत ते म्हणाले, "बाई, या आठवड्यात तुमचं आतडं किती नाजूक झालेलं असतं, तुम्हाला कल्पना नाही. ताप उतरला की माणसाला भूक लागते आणि घात तिथेच होतो. मागे माझ्या एका पेशंटने नुसती अर्धी भाकरी खाल्ली. आतडं फुटलं, धुळ्याला नेईपर्यंत काही उरलं नाही." मग सुमनकडे बघून म्हणाले, "हिने वाचवलं म्हणायचं तुम्हाला." सुमन खाली बघत होती. आदल्या दिवशीचा तिचा गाल माझ्या डोळ्यांपुढे आला. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मी आईपणाचा तोरा मिरवणारी बाई, माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. दोन रोट अख्खे खायचे मी ठरवलं होतं. मनात तूप लावूनसुद्धा झालं होतं.

डॉक्टर गेल्यावर मी गोदाअक्कांना हाक मारून विचारलं, बुधवारी हापशावर कोण म्हातारी होती? त्यांनी विचार केला, सुनेला विचारलं, समोरच्या दोन घरी विचारून आल्या. कुणाला माहीत नव्हती. त्या आठवड्यात गल्लीत घरोघर कानबाईची पाहुणी माणसं होती, कुणाची आत्या, कुणाची मावससासू, तेव्हा असेल कुणीतरी. सुमनला पुन्हा विचारलं तर ती म्हणाली, हिरवं लुगडं होतं, तोंडात दात नव्हते. आणि मग आपणहून म्हणाली, तिच्याजवळ भांडं नव्हतं. हापशावर येऊन तिने पाणी भरलं नाही, नुसती उभी राहिली, सुमनचा हंडा भरेपर्यंत हापसा मारला आणि गेली. रिकाम्या हाताने कुणी हापशावर कशाला येईल, हा प्रश्न मला पडला होता आणि आजही पडतो. पण त्याचं उत्तर मी कुणाकडे मागितलं नाही. मला त्या म्हातारीची देवी करायची नाही आणि देवीची म्हातारीही करायची नाही. माझ्या पोरीला तापानंतरच्या भुकेचं कुणी सांगितलं नसतं तर मी त्या गुरुवारी दोन रोट खाल्ले असते, एवढंच मला नक्की माहीत आहे.

शनिवारी पुनव होती, राखीची सुट्टी. सुमनने सकाळी दिलीपला राखी बांधली, बेबीने तिला मदत म्हणून कुंकू सांडलं. दिवसभर मी डोळे मिटून पडून होते. भूक तशीच होती, पण आता मला तिची भीती वाटत होती. संध्याकाळी दिव्याच्या वेळेला माझी नजर पलीकडच्या खोलीत गेली. सुमन माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि खात होती. घाईघाईने, मोठे मोठे घास, वर पाणी. मान खाली, खांदे हलत होते. फडकं शेजारी उघडं पडलं होतं. माझ्या वाट्याचे रोट.

इतकं सगळं झाल्यावरही माझ्या मनात काय आलं, ते लिहायला हात जड होतो. पण लिहिते. मला वाटलं, मला नाही दिलं आणि स्वतः खाते आहे. हावरट. आणि ते मनात राहिलं नाही, तोंडातून गेलं. "खा, खा. मायले उपाशी ठेईसन खाय," असं मी म्हटलं. तिचे खांदे थांबले. तिने वळून पाहिलं नाही, पण पुन्हा घास घेतला. तेव्हा ओट्यावरून दिलीप आत आला. पुनवेचा चांद बघायला त्याला बसवलं होतं, आणि आभाळ भरलेलं असल्याने तो वैतागला होता. तो माझ्यावर ओरडला, पहिल्यांदा आणि शेवटचं. "माय, तिनं पोट दुखी ऱ्हायनं. तरी खाई ऱ्हायनी ती. तुना वाटाना शेत ते."

मला काही कळेना. मी सुमनला हाक मारली. ती आली. डोळे लाल, ओठांना गूळ लागलेला, एक हात पोटावर. अर्धा रोट अजून हातात होता. इतक्या दिवसांच्या धिरड्यांवर, आधीच स्वतःचे दोन खाऊन झालेले, त्यावर हे दोन जड रोट ती कोंबत होती. मी विचारलं, कशाला खातेस मग? ती अगदी सरळ आवाजात बोलली. "चांद उगाना आगोदर सरी जावाले पाह्यजे ना. दिलीपले नही जात, बेबी ल्हान शे. मी देवीले सांगं, मन्ही मायनं तोंड बंद शे. मन्हं तोंड तेच मन्ही मायनं तोंड समज."

पहिल्या दिवसापासून मी असं समजून चालले होते की हे घर माझ्या जिवावर चाललं आहे आणि मी पडले म्हणून ते कसंबसं तग धरून आहे. देवीचं देणंसुद्धा मीच द्यायचं, माझ्याच हाताने, माझ्याच तोंडाने, नाहीतर ते पोचायचं नाही. आणि इथे एक पोर देवीशी परस्पर बोलून आली होती. माझा वाटा तिने उचलला होता, माझ्यावर रागावून नाही, माझा जीव राहावा आणि देवीही दुखावू नये म्हणून, दोन्ही एकदम. मला तिची लाज वाटली, माया आली, आणि खरं सांगते, फार दिवसांनी अंगातला ताण सुटला. जे माझ्याने होत नाही ते माझ्यावाचून होऊ द्यावं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं तरी पोचतं, एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांच्या पूजेत कळली नव्हती. शरण जाणं म्हणतात ते हेच असेल तर ते मी देवीपुढे डोकं टेकवून नाही शिकले, अंथरुणावर पडून, माझ्या मुलीचं तोंड बघून शिकले. जिने कुणी तिला हापशावर गाठलं तिचे उपकार, आणि जिने ऐकलं तिचेही. मी त्या रिकाम्या डब्यापुढे देवीला जे जे बोलले होते ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं. देवीने ते मनाला लावून घेतलं असेल तर आजवर मला तसं जाणवलेलं नाही.

मी सुमनला जवळ बसवलं. पाठीवर हात ठेवला. म्हटलं, हळू खा, चावून खा, वेळ आहे अजून. दिलीप पुन्हा ओट्यावर गेला. ती माझ्या शेजारी बसून एकेक तुकडा खात राहिली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटचा तुकडा तिला जाईना. तिने डोळे मिटले, तो गिळला आणि तांब्याभर पाणी प्यायली. मग फडकं झटकून त्यातले कण तळहातावर घेतले आणि तेही खाल्ले. किल्ल्याच्या बाजूला ढग जरा विरले होते आणि दिलीप तिथून सांगत होता की उजेड दिसतो आहे.

ती माझ्याकडे वळली. तोंड पुसलं आणि अगदी काळजीने, एखाद्या मोठ्या बाईसारखं, मला विचारलं.

"माय, भरनं का तुनं पोट?"

मी म्हटलं, "भरनं व बाई." आणि त्या दिवशी पुढे मला भूक लागली नाही.